रानडुकरासाठी बारा बोअर: काडतूस घरी भरावं की विकत घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मूळचे ठाण्याचे, घर घोडबंदर रोडला, सध्या नोकरीसाठी टेक्ससमध्ये. तिथे सहकाऱ्याच्या रँचवर त्यांनी रानडुकरांची शिकार पाहिली. सहकारी शॉटगन वापरतो आणि काडतुसं घरीच, गॅरेजमधल्या यंत्रावर भरतो. इकडे मुरबाड तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित भातशेती आहे, डुकरं दरवर्षी खाचरं लोळवून जातात, आणि आजोबांची बारा बोअर दुनळी आता काकांच्या परवान्यावर आहे. दिवाळीत ते गावी येणार आहेत. तशी काडतुसं इथे भरता येतील का, छर्रा कोणता घ्यावा आणि किती अंतरावरून मारावं, असं त्यांनी विचारलंय.

काडतुसाचं आधी संपवतो. इथे घरी भरायची नाहीत. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. काकांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायचं यंत्रसुद्धा 'दारूगोळा' यातच मोडतं. म्हणजे ‘नुसतं प्रेस आणि रिकामी टरफलं सामानातून आणतो, दारू इथे बघू’ हा विचारही डोक्यातून काढा. मुंबई विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एका टरफलावरून रात्रभर जबाब देत बसलेले लोक मला माहीत आहेत.

तुमच्या सहकाऱ्याचं तिथे चुकत नाही. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, आणि बकशॉटच्या, म्हणजे मोठ्या छऱ्यांच्या काडतुसाच्या बाबतीत घरी भरण्यात खरंच फायदा असतो. मऊ शिशाचे मोठे छर्रे बार उडताना एकमेकांवर दाबले जाऊन चपटे होतात आणि चपटा छर्रा सरळ जात नाही. म्हणून हे लोक अँटिमनी मिसळलेल्या कडक शिशाचे किंवा तांब्याचा मुलामा दिलेले छर्रे घेतात, छऱ्यांच्या मधल्या पोकळीत प्लास्टिकची बारीक भुकटी भरतात, आपल्या नळीला रुचणारा डाट (दारू आणि छऱ्यांमधलं बूच) निवडतात. त्यामुळे छर्रे जवळजवळ राहतात. पण त्यातला शिस्तीचा भाग पाहुण्याला दिसत नाही. टरफल, टोपी (बुडातली, दारू पेटवणारी), दारू, डाट आणि छऱ्यांचं वजन या पाचांचा जोड छापील कोष्टकात जसा दिलाय तसाच ठेवावा लागतो. टोपीची नुसती कंपनी बदलली तरी दाब भलताच चढू शकतो. धुराची काळी दारू आणि बिनधुराची दारू यांचा तर एकमेकींशी संबंधच नाही: काळी मापाने भरायची म्हणून त्याच मापाने कोणी बिनधुराची भरली, तर नळी फाटते आणि बहुधा डाव्या हाताची बोटं जातात.

आपल्याकडे जुने लोक पितळी टरफलं पुन्हा पुन्हा भरायचे. काळी दारू, नारळाच्या काथ्याचा नाहीतर जाड पुठ्ठ्याचा डाट, वरून छर्रे. ती गोष्ट तुमच्या काकांना नक्की आठवत असेल आणि ते सांगतीलही की ‘आम्ही तर सर्रास करायचो’. त्यांना सांगू द्या. ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही काडतुसाची ताकद वाढवायच्या विचारात आहात, आणि खाचरातल्या डुकरासाठी ताकद ही अडचणच नाही. वीस मीटरवर बारा बोअरचं कुठलंही नीट बनवलेलं मोठ्या छऱ्याचं काडतूस डुकराला पुरून उरतं. जखमी होऊन निघून गेलेल्या जनावरांमागे बहुतेक वेळा तीनच गोष्टी निघतात: अंतर जास्त होतं, नेम चुकीच्या जागी होता, किंवा ती बंदूक ते काडतूस कसं फेकते हे कोणी कधी कागदावर पाहिलंच नव्हतं.

म्हणून सुरुवात बंदुकीपासून. आजोबांची दुनळी म्हणजे बहुधा इंग्लिश किंवा बेल्जियन, बाहेर घोडे असलेली, तीस इंची नळ्यांची. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी किंवा पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते का बघा. दिसली तर ती डमास्कस, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून सांधलेली नळी. ती काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यातून आजचं काडतूस उडवू नका, मग ती वरून कितीही चकचकीत दिसो. सांध्याच्या आतला गंज बाहेरून कळत नाही.

नळी साध्या पोलादाची असली तरी कोठी, म्हणजे नळीत मागे काडतूस बसतं तो भाग, मोजून घ्या. जुन्या बंदुकांची कोठी अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. आजचं प्रमाणित काडतूस ७० मिलिमीटरचं. फसगत इथे होते, कारण ७० हे माप उडाल्यानंतर उघडलेल्या टरफलाचं आहे. तोंड घडी घालून बंद केलेलं भरलेलं काडतूस ६० मिलिमीटरच्याही आतबाहेर असतं आणि ६५ च्या कोठीत मजेत बसतं. बार उडाला की घडी उलगडते, टरफलाचं तोंड कोठीपुढच्या निमुळत्या भागात अडकतं, छऱ्यांना वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. बंदूक पहिल्याच बाराला फाटेल असं नाही, म्हणूनच लोक वर्षानुवर्षं हे करत राहतात. बंदुका-काडतुसांसाठीच्या युरोपातल्या सीआयपी प्रमाणात साध्या बारा बोअर काडतुसाच्या दाबाला ७४० बारची (इथे बार हे दाबाचं एकक) मर्यादा आहे. शंभर वर्षांची, आतून खड्डे पडलेली नळी त्या आकड्यासाठी तपासलेलीच नसते. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे नेऊन कोठीचं माप, नळीच्या भिंतीची जाडी, बिजागरीचा ढिलेपणा आणि दोन्ही नळ्यांचे चोक, म्हणजे तोंडाशी नळी किती आवळलेली आहे ते, लिहून आणा. काकांनीच न्यायची, कारण परवाना त्यांचा.

हे तुम्हाला आवडणार नाही, पण याच ओघात सांगतो. परवाना व्यक्तीला असतो, घराला नाही. दिवाळीत गावी आलात तरी काकांची बंदूक खांद्याला लावून शेतात बार काढण्याचा तुम्हाला अधिकार नाही. बॅटरी धरा, चहा करा, डुकरं कुठल्या बाजूने येतात त्याची टिपणं ठेवा. बार काका काढतील किंवा वन खात्याच्या परवानगीत ज्याचं नाव असेल तो.

बंदूक धड निघाली असं धरू. काडतूस विकतचं, परवान्याच्या दुकानातून, परवान्यावर नोंद करून. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि ‘शक्तिमान’ नावाची तिथली बारा बोअरची काडतुसं बहुतेक दुकानांत दिसतात. डुकरासाठी एसजी किंवा एलजी मापाचे छर्रे. अमेरिकेत तुम्ही जे डबल-ऑट बकशॉट पाहिलंत त्यात ८.४ मिलिमीटरचे साधारण ९ छर्रे असतात, एकेक साडेतीन ग्रॅमचा. आपला एसजी त्याच मापाचा, एलजी थोडा मोठा, ९ मिलिमीटरच्या पुढचा. छर्रा मोठा झाला की संख्या घटते. जुन्या, मोकळ्या नळीतून मला एसजीच जास्त भरवशाचा वाटतो. एएए आणि बीबी ही बारीक छऱ्यांची, मोरा-बदकांच्या काळातली मापं आहेत. ‘जवळून मारलं की पडतं’ असं सांगणारे भेटतील. पडतं कधी कधी. बऱ्याचदा पोटात पाच मिलिमीटरचे छर्रे घेऊन निघून जातं आणि तिसऱ्या दिवशी ओढ्यात वास सुटतो.

एकसंध गोळीबद्दल, म्हणजे स्लगबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण टेक्ससमध्ये पाहिली असेल. जर्मनीत ब्रेनेकेने १८९८ साली आणि अमेरिकेत फॉस्टरने १९३१ साली काढलेले दोन प्रकार अजून चालतात. पन्नास मीटरपर्यंत ती बंदुकीला जवळजवळ रायफल करून टाकते. माझा कल मात्र मुरबाडच्या खाचरात ती न वापरण्याकडे आहे. दुनळीच्या दोन नळ्या छऱ्यांसाठी जुळवलेल्या असतात, गोळी प्रत्येक नळीतून वेगळीकडे पडते; डावी नळी बहुधा फुल चोकची, तिच्यातून जुन्या पद्धतीचा कडक गोळा काढला तर तोंडाशी नळी फुगते; आणि चुकलेली गोळी किलोमीटरभर जाऊ शकते. आपल्याकडे किलोमीटरभरात पाडा असतोच.

छऱ्यांचीही मर्यादा ओळखा. गोल छऱ्याची कमाल पल्ल्याची ढोबळ रीत अशी की इंचातला व्यास गुणिले २२०० म्हणजे तितके यार्ड. एसजीचा व्यास ०.३३ इंच, म्हणजे सव्वासातशे यार्ड, साडेसहाशे मीटरच्या पुढे. मारायचा पल्ला पंचवीस मीटर आणि धोक्याचा पल्ला साडेसहाशे मीटर, हे दोन आकडे बंदूक हातात घेताना एकत्र डोक्यात हवेत.

मग कागद. हे काम शेतात नाही, परवानगी असलेल्या रेंजवर. वर्तमानपत्राचे दोन कागद जोडून मध्ये २० सेंटिमीटरचं वर्तुळ काढा. डुकराच्या काळीज-फुफ्फुसाची जागा साधारण तेवढीच. १५ मीटरवर एक, २० वर एक, २५ वर एक, आणि दोन्ही नळ्यांचे वेगवेगळे. चोक नसलेल्या नळीत छर्रे ढोबळमानाने दर मीटरला अडीच-तीन सेंटिमीटर पसरतात, पण हा ढोबळ हिशोबच. मोठ्या छऱ्यांचं वागणं प्रत्येक नळीत निराळं असतं. फुल चोक मोठ्या छऱ्यांना कधी जवळ ठेवतो, तर कधी दाबून विस्कटतोही. ज्या अंतरावर बहुतेक छर्रे वर्तुळात आणि उरलेले त्याच्या हातभर आसपास दिसतात, ते तुमच्या बंदुकीचं अंतर. ते १८ मीटर निघालं तर १८. माझ्या पाहण्यातल्या जुन्या दुनळ्या बहुतेक वीसच्या आसपास थांबतात. काडतुसाचा प्रकार बदलला की कागद पुन्हा. घरी भरून जे साधायचं तुम्ही म्हणत होतात, त्यातलं निम्म्याहून अधिक या अर्ध्या दिवसात साधतं, तेही कायद्यात राहून.

आता जागा. भात दुधात आलं की डुकरं येतात, म्हणजे आपल्याकडे गणपतीनंतर ते कापणी संपेपर्यंत. त्यांची नजर कच्ची आणि नाक भलतं तिखट, त्यामुळे वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय बसणं व्यर्थ आहे. बांधाला उकरलेली माती, ओढ्याकाठची लोळण आणि शेताच्या कोपऱ्यातली एकच ठरलेली वाट हे दोन-तीन दिवस सकाळी फिरून बघा. बसायचं माळ्यावर, जमिनीवर नाही. हे आरामासाठी सांगत नाही, हिशोब करून बघा. बांधाला टेकून बसलात तर नळी जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर; २० मीटरवरच्या डुकराच्या छातीतून, म्हणजे ४० सेंटिमीटर उंचीवरून, पार गेलेला किंवा चुकलेला छर्रा सपाट खाचरात पुढे १६ मीटरवर जमिनीला लागतो, तोही इतक्या तिरप्या कोनात की पाण्यावरून किंवा कडक ढेकळावरून उसळी मारतो. तीच नळी ४ मीटर उंच माळ्यावर असली, तर छर्रा डुकरामागे सव्वादोन मीटरवर मातीत शिरतो. शिसं अडवायला मागे डोंगर शोधत बसण्यापेक्षा वर चढणं सोपं.

माणसांचं भान आणखी मोठं. त्याच रात्रीत शेजारच्या खाचरात राखणीला दुसरा माणूस झोपलेला असतो. ठाकर-कातकरी वस्तीतली पोरं बॅटरी घेऊन ओढ्याला खेकड्यांना निघतात, आणि त्यांची वाट म्हणजे बऱ्याचदा डुकरांचीच वाट. भात हललं म्हणून बार काढणाऱ्या माणसाबरोबर मी बसत नाही. पूर्ण जनावर दिसलं पाहिजे, डोकं कुठे, मागे काय, सगळं. संध्याकाळीच पाड्यावर जाऊन आज कोण कुठे बसणार ते सांगून यायचं. पोलीस पाटलांनाही.

नेम. डुकराचं काळीज लोकांना वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं. मानेवरचे उभे केस आणि खांद्याचा उंचवटा डोळ्यांना फसवतात. मध्यावर धरलेला नेम पाठीच्या मांसात नाहीतर पोटात जातो. आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट जाड ढाल असते, म्हणून पाय किंचित पुढे टाकलेला असताना त्याच्या मागची जागा बरी. समोरून येणाऱ्यावर नको, कळपात दोन एकामागे एक उभी असताना तर मुळीच नको. पिल्लं मागे असलेली मादी सोडा.

बार झाल्यावर दुसरी नळी तयार ठेवून माळ्यावरच बसून राहायचं, निदान अर्धा तास. रक्ताच्या मागावर रात्री भातात उतरायचं नाही. जखमी एकल नर झुडपात तोंड फिरवून उभा राहतो आणि त्याचे सुळे मांडीच्या उंचीवर लागतात. उजाडल्यावर, वन खात्याचा माणूस सोबत घेऊन.

वन खात्याचं नाव इतक्या उशिरा घेतलं, पण क्रमाने ते सगळ्यात आधी येतं. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर ते अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका झाला असेल, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात, सोबत सातबारा, नुकसानीचे फोटो, परवान्याची प्रत. परवानगीत जे गाव, जी मुदत आणि ज्याचं नाव असेल तेवढंच. मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता असतं. पंचनामा होतो, मटण वाटता येत नाही. गावात यावरूनच भांडणं होतात, तेव्हा काकांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं. विनापरवानगी मारलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड, आणि बंदूक जाते ती वेगळीच. तुमची शेती मुरबाडला आहे म्हणून हे तरी शक्य. शहापूरला तानसा अभयारण्याच्या हद्दीत, किंवा येऊरला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असती तर हा विषयच नव्हता. घोडबंदरच्या तुमच्या सोसायटीमागे डुकरं दिसतात म्हणून तिथे कोणी बंदुकीची गोष्ट काढत असेल, तर त्याला सरळ गप्प बसवा.

आणि खरं सांगायचं तर बंदुकीने भात वाचत नाही. मादीचा गर्भकाळ पावणेचार महिने, एका वेळी चार-सहा पिल्लं. दोन डुकरं पाडलीत तर कळप आठवडाभर शेजाऱ्याच्या शेतात जातो आणि परत येतो. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून सौर झटका कुंपण घातलं तर त्याचा उपयोग मी जास्त पाहिलाय. अट एवढीच की सर्वात खालची तार जमिनीपासून वीतभर-दीडवीत असावी आणि तिला टेकणारं गवत दर आठवड्याला काढलं जावं. गवत टेकलं की झटका मातीत जातो. थेट मेनलाइनचा करंट तारेत सोडणारे आहेत, त्यात डुकरांआधी माणसं मेली आहेत. तारेची फासकीही नको, त्यात बिबट्या अडकला की तुमचं गाव वर्तमानपत्रात येतं. नुकसानभरपाईचा अर्ज मात्र नुकसान दिसल्या दिवशीच, पंचनाम्याआधी पीक न हलवता.

शेवटचं, तुमच्या तिकडच्या बाजूचं. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानटी डुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही, असं तुमच्या सहकाऱ्याने सांगितलं असेल आणि ते बरोबर आहे. तो नागरिक आहे. तुम्ही एच-१बी वर असाल तर अमेरिकेचा केंद्रीय कायदा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई करतो, आणि त्यातून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे तिथल्या राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे राज्याला नको असलेला परवाना तुम्हाला मात्र विकत घ्यावाच लागतो. तो खिशात येईपर्यंत रँचवर सहकाऱ्याची बंदूक ‘जरा धर’ म्हणूनही हातात घेऊ नका, आणि त्याच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायलाही बसू नका. आधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा.